चाचणीपुरतं

कायतान येतो तो शुक्रवारीच,
म्हापशाचा बाजार उठताना,
चोरिसांच्या आणि सुक्या मिरचीच्या वासातून वाट काढत.
चोडणच्या फेरीबोटीवर इंजिनाशी असतो,
खाली, जिथून नदी दिसत नाही.
नखांत ग्रीस, खिशात फोन,
फोनमध्ये एक फोटो: हातात धरायचं नवं यंत्र.
"पळय," म्हणतो, "आख्खो पीसी. दोन हातांत मावता."

मी चष्मा कपाळावरून खाली घेतो.
पडदा सात इंचांचा होता, आता आठ.
चिपचं नाव जुनंच, पुढे एक आकडा वाढलेला,
लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाची डिग्री वाढावी तसा.
बॅटरी चार तास.
मी कंपन्यांचे तास ओळखतो. त्यांचे चार म्हणजे
"पाच मिनिटांत पोचतो" यातली पाच.
किंमत वाचून पाणी पितो.
तेवढ्यात त्याच्या आईच्या घराचे सगळे नळे
बदलून होतील, वर पागोळीला पन्हळसुद्धा.

माझ्या टेबलावर अशी तीन पडलीत, मागल्या पिढीतली.
एकाच्या पंख्यात कांदोळीची वाळू.
एकाची बॅटरी सान्नासारखी फुगलेली.
तिसरं कायतानचंच:
डावी काठी कुणी न हलवता सरकते,
खेळातला माणूस उभ्याउभ्या चालू लागतो,
भिंतीला थटतो
आणि तिथेच पावलं टाकत राहतो.
बोर्डावर हिरवं चढलंय, तांब्याच्या कळशीच्या बुडाला चढतं ते.
खारी हवा. यंत्र बनवणाऱ्यांनी ती धरलेली नाही हिशेबात.
त्यांच्या गावी फेरीबोट नसावी.

हे सगळं मी सांगणारच होतो.
"घेवूं काय नाका?"
"आधी हे दुरुस्त करू. उद्या ये."

रात्री शटर अर्धं ओढून काठी बदलली.
दात घासायच्या जुन्या ब्रशने बोर्ड पुसला,
आणि चालू केलं, चाचणीपुरतं.
त्याचा खेळ थांबला होता तिथेच उघडला.
एक ट्रक. बर्फाचा रस्ता. मागे लाकडं लादलेली.
खेळलेले तास: दोनशे अकरा.
नकाशात पाहिलं, जिथून निघाला होता तिथे
तो एकदाही परत गेलेला नव्हता.

म्हटलं, पुढच्या वळणापर्यंत.

पंखा घुमत होता, तळवे तापले,
काचेवर बर्फ आणि माझ्या मानेवर घाम.
चित्र अडखळायचं. पूल चाकाखाली येता येता उमटायचा.
लांबचे डोंगर म्हणजे नुसते रंगवलेले पुठ्ठे.
बॅटरी दीड तासात दमली, मग वायर लावली.
गिअर उतरवत घाट उतरलो, लाकडं पोचवली,
आणि कुणी सांगितलं नसताना
दुसऱ्या गावाचं सिमेंट भरून घेतलं.
मान वर केली तेव्हा सव्वा वाजला होता,
शटरखालून मांजर येऊन बिलबुकावर झोपलं होतं,
घरून फोन आलेले सहा.

सकाळी कायतान आला. "कितें म्हणटा?"
मी म्हटलं, घाई नको. पहिल्या खेपेत खोट असतेच.
नाताळ जाऊ दे, भाव उतरेल. मग बघू.
हे खरंही होतं, आणि दुकानदाराला शोभणारंही.
त्याने मान डोलावली, यंत्र चालू केलं,
आकडा पाहिला. दोनशे चौदा.
मग माझ्याकडे पाहिलं.
काही न बोलता दुरुस्तीचे पैसे मोजून ठेवले
आणि त्यातली शंभराची नोट परत उचलली.
"भाडें," म्हणाला. "ट्रकाचें."

दुपारी गिऱ्हाईक नसताना
मी तो फोटो माझ्या फोनवर शोधला.
आठ इंच.
लांबचे डोंगर त्यात कसे दिसत असतील.